ऑर्डर लिहून घेणारी मुलगी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' या विषयावर वीस मिनिटं बोलायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं, टिपणंही काढली. पण दीड महिन्यापूर्वी एक फोन आला आणि माझा विषय बदलला. संयोजकांची परवानगी घेतलेली आहे, तेव्हा तक्रार असेल तर त्यांच्याकडे करा.

फोन आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा होता. ती इथे समोर बसली आहे, म्हणून नाव घेत नाही. तिची मुलगी बी.कॉम. झाली आणि तिला भिवंडीच्या एका गोदामात नोकरी लागत होती. हुद्दा 'ऑर्डर प्रोसेसिंग एक्झिक्युटिव्ह', पगार चौदा हजार. मैत्रीण म्हणाली, "अगं, नाव एवढं लांबलचक, पण काम काय, तर फोनवर नि ईमेलवर आलेल्या ऑर्डरी कॉम्प्युटरमध्ये भरायच्या. म्हणजे कारकूनच ना? याला पुढे काही स्कोप आहे का? तू इंजिनिअर, तुला कळेल."

मला कळतं, पण इंजिनिअर आहे म्हणून नाही. मी स्वतः दोन वर्षं ऑर्डर क्लार्क होते म्हणून. ही गोष्ट मी आजवर तुमच्यापैकी कोणाला सांगितलेली नाही. आज सांगते.

रत्नागिरीला डिप्लोमा केला, हे तुम्हाला माहीत आहे. शेवटच्या वर्षी माझा एक विषय राहिला. त्याच पावसाळ्यात बाबा आजारी पडले. विषय पुढच्या परीक्षेत सुटला, पण डिग्रीच्या फीचे पैसे घरात नव्हते. १९९९ च्या जुलैत मी रातराणीने मुंबईला गेले. लालबागला काकांची दहा बाय बाराची खोली होती, तिथे सहा माणसं होती, मी सातवी. काकांच्या ओळखीने प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाबाजारात औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे काम मिळालं. पगार अठराशे रुपये. गणपतीला गावी आले तेव्हा तुम्ही विचारलंत, काय करतेस? मी म्हटलं, "कॉम्प्युटरचं काम." खरं म्हणजे त्या पेढीत एकच कॉम्प्युटर होता. काचेच्या केबिनमध्ये, एसीत, चपला बाहेर काढून आत जायचं. माझ्या टेबलावर होते दोन टेलिफोन, कार्बन घातलेलं ऑर्डर बुक आणि दोऱ्याने बांधलेलं पेन.

काम काय असायचं ते सांगते, कारण 'ऑर्डर लिहून घेणं' हे ऐकायला जितकं सोपं वाटतं तितकं ते नाही. औषधाच्या प्रत्येक दुकानात एक वही असते, तिला 'वॉन्ट बुक' म्हणतात. जे औषध संपत आलं ते त्या वहीत लिहायचं. सकाळी साडेदहाला दुकानं उघडून स्थिरावली की हे लोक फोन करून वही वाचायला सुरुवात करायचे. कोणी गुजरातीत, कोणी हिंदीत, कोणी मराठीत, सगळे घाईत. एका हाताने रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने लिहायचं. कोणतं दुकान, कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, गोळी की सिरप, स्ट्रिप की बॉक्स, दहावर एक फुकटची स्कीम चालू आहे की संपली. लिहितालिहिताच डोळा दुसऱ्या यादीवर. या दुकानाची मागची बिलं थकली आहेत का? हा माल गोदामात आहे का? नसेल तर 'शॉर्ट' म्हणून वेगळ्या वहीत टिपायचा आणि आत्ताच सांगायचं, म्हणजे तो दुसरीकडून मागवील. साडेअकराच्या आत चिठ्ठी आत गेली तर माल दुपारच्या फेरीला, नाहीतर संध्याकाळी. मग आतला मुलगा माल काढणार, दुसरा तपासणार, बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी चढणार, मग खोकं बाहेर. ही सगळी साखळी माझ्या चिठ्ठीवरून चालू व्हायची. चिठ्ठी चुकली तर पुढचे चौघं अगदी बिनचूक काम करून चुकीचाच माल पाठवणार.

आणि एकदा ती चुकली. एका दुकानदाराने इन्शुलिनच्या 'फिफ्टीन' बाटल्या मागितल्या. मी 'फिफ्टी' ऐकलं. पन्नास गेल्या. त्याने पंधरा ठेवून घेतल्या आणि पस्तीस संध्याकाळी परत पाठवल्या, नुसत्या खोक्यात, बर्फाशिवाय. इन्शुलिन दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं असतं. दिवसभर मुंबईच्या उन्हात फिरलेलं इन्शुलिन पुन्हा विकता येत नाही. त्या पस्तीस बाटल्यांची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त होती. त्या रात्री मी जेवले नाही. उद्या आपल्याला काढून टाकणार, आणि गावी जाऊन काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

काढलं नाही. आमच्याकडे बिलिंगला एक काका होते, तीस वर्षं त्याच खुर्चीवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आकडा कधी अख्खा घ्यायचा नाही. वन-फाइव्ह की फाइव्ह-झीरो, असं सुटं सुटं विचारायचं. आणि फोन ठेवायच्या आधी पूर्ण ऑर्डर परत वाचून दाखवायची. समोरचा कितीही ओरडला तरी." मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला आजही उपयोगी पडते. "तो दुकानदार महिन्याला किती इन्शुलिन घेतो हे तुला माहीत होतं. पन्नास ऐकल्यावर तुझ्या मनात 'एवढं?' असं आलं नाही का?"

आलं होतं. पण विचारायची लाज वाटली.

परत वाचून दाखवायचं म्हटल्यावर मला आपली शाळा आठवली. मराठीच्या बाई श्रुतलेखन घ्यायच्या. वाक्य एकदाच सांगायच्या, आपण लिहायचं, आणि मग कोणालाही उभं करून लिहिलेलं वाचायला लावायच्या. तेव्हा आपण वैतागायचो. बाई, मुंबईत दोन वर्षं माझं पोट त्या श्रुतलेखनावर चाललं.

नावांचा गोंधळ तर जगभर होतो. अमेरिकेत लोसेक नावाचं अ‍ॅसिडिटीचं औषध आणि लॅसिक्स नावाचं लघवी वाढवणारं औषध यांच्यात एवढी गल्लत व्हायला लागली की १९९० मध्ये लोसेकचं नावच बदलून प्रायलोसेक करावं लागलं. आपल्याकडे तर एकेका औषधाला कितीतरी कंपन्यांची कितीतरी नावं. ती कानाने ओळखणारी माणसं तेव्हा दवाबाजारात टेलिफोनवर बसलेली असायची.

दोन वर्षांत मी डिग्रीच्या पहिल्या फीपुरते पैसे साठवले. २००१ मध्ये थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, २००४ मध्ये इंजिनिअर झाले, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली. बायोडाटा लिहिताना ती दोन वर्षं मी गाळून टाकली. कोणी विचारलं तर 'घरगुती अडचण' म्हणायचे.

आता या गोष्टीतला अवघड भाग.

२००८ च्या सुमारास आमच्या कंपनीकडे एका वितरकाचं काम आलं. नाव सांगत नाही. त्यांना ऑर्डर घेण्यापासून बिल बनवण्यापर्यंतचं सॉफ्टवेअर हवं होतं. काम समजून घ्यायला मला पाठवलं. तिथे एका खोलीत सहा ऑर्डर क्लार्क बसायचे, त्यांत चार बायका. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या ताईंनी मला आठ दिवस शेजारी बसवून सगळं सांगितलं. कोणतं गिऱ्हाईक कसं बोलतं, कोण 'नेहमीचं' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय, कोणाचं पेमेंट किती दिवसांनी येतं, कोणाला सणाआधी दुप्पट माल लागतो. डब्यातली भाकरीसुद्धा खायला घातली. मला हे काम इतकं लवकर कसं समजतं, याचं त्यांना कौतुक वाटायचं. मी कधीकाळी तेच काम केलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

आठ महिन्यांनी सॉफ्टवेअर चालू झालं. दुकानदार स्वतःच ऑर्डर टाकू लागले. प्रकल्पाचे फायदे सांगणारा एक कागद आम्ही बनवला, त्यात एक ओळ होती: ऑर्डर विभागातली माणसं सहावरून दोन. ती ओळ मी टाइप केली होती. त्या प्रकल्पाबद्दल मला बक्षीस मिळालं. त्या ताई राहिल्या, कारण परत आलेला माल आणि तक्रारी कोणीतरी सांभाळायला हव्याच होत्या. उरलेल्या चौघांचं काय झालं, ते मी तेव्हा विचारलं नाही. इन्शुलिनच्या वेळी विचारायची लाज वाटली होती, तशीच तेव्हाही वाटली.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मी केलं नसतं तर दुसऱ्या कोणी केलं असतं, हेही मला कळतं. पण मैत्रिणीने 'स्कोप आहे का' असं विचारलं तेव्हा, जिने स्वतःच्या हाताने तो स्कोप कमी केला तिने निदान खरं उत्तर द्यावं, असं मला वाटलं.

खरं उत्तर असं आहे. फक्त ऑर्डर टाइप करण्याच्या कामाला भविष्य नाही. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या फ्रे आणि ऑसबोर्न या संशोधकांनी ७०२ व्यवसाय तपासले आणि अमेरिकेतल्या सुमारे ४७ टक्के नोकऱ्या यंत्राकडे जाण्याचा मोठा धोका असलेल्या गटात टाकल्या. कारकुनी कामं त्या गटात भरपूर होती. तो अंदाज होता, भाकीत नव्हे. पण दिशा मी माझ्या टेबलावरून पाहते आहे. आमची टीम सध्या ज्यावर काम करते ते ऐका. दुकानदाराने हाताने लिहिलेल्या यादीचा फोटो मोबाइलवरून आला की मशीनने तो वाचून ऑर्डर बनवायची. बऱ्याच वेळा ते बरोबर वाचतं.

पण बऱ्याच वेळा म्हणजे नेहमी नव्हे, आणि त्या मधल्या फटीत माणसाचं काम आहे.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. ते आपल्याला कोणी सांगायला नको. छपरं गेली, पोफळी-आंबे आडवे झाले, कितीतरी दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. आपल्यातल्या एकाचं इथे औषधाचं दुकान आहे. त्याच्या मोबाइलमध्ये ऑर्डर टाकायचं अ‍ॅप होतं, पण त्याचा उपयोग शून्य. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या संपत आलेल्या. त्याने कागदावर यादी लिहिली, पडलेल्या झाडांतून वाट काढत मोटरसायकलने रेंज मिळेपर्यंत गेला आणि होलसेलरकडच्या जुन्या क्लार्कला फोनवर यादी वाचून दाखवली. त्या क्लार्कने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे लाइट नाही ना? मग इन्शुलिन एवढं कुठे ठेवणार? थोडं पाठवतो, बर्फात घालून. दोन दिवसांनी परत सांगा."

ही गोष्ट आपल्या मित्राने मला सांगितली तेव्हा मी खूप वेळ गप्प होते. अ‍ॅपने काय केलं असतं? मागितलं तेवढं बिनबोभाट पाठवलं असतं. त्या क्लार्कने ऑर्डरच्या मागचा माणूस पाहिला, त्याचा बंद फ्रिज पाहिला. दवाबाजारातले बिलिंगचे काका मला हेच शिकवत होते.

म्हणून मैत्रिणीला मी सांगितलं ते इथेही सांगते. तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं आज याच वळणावर आहेत.

नोकरी घेऊ दे, पण मुक्काम म्हणून नको, शाळा म्हणून. दोन, फार तर तीन वर्षं. पहिल्या सहा महिन्यांत ऑर्डर बिनचूक भरायला शिकायचं. त्यानंतर रोज स्वतःला विचारायचं, ही ऑर्डर माझ्याकडे येण्याआधी कुठे होती आणि माझ्याकडून कुठे जाते? गोदामात जाऊन माल कसा लावतात, कसा काढतात ते बघायचं. बिलाकडे बघायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना दुसऱ्या व्यापाऱ्याला माल विकताना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. असं बिल पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द करता येतं, नंतर क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणजे ऑर्डरमधली चूक आज पूर्वीपेक्षा महाग पडते, आणि ती बिल बनण्याआधी पकडणारी मुलगी मालकाच्या लक्षात राहते.

मग वाटा फुटतात. एक वाट खरेदी आणि साठ्याची: काय, किती, कधी मागवायचं हे ठरवणं. दुसरी मोठ्या गिऱ्हाइकांची: त्यांच्या तक्रारी, करार, वेळापत्रक सांभाळणं. तिसरी हिशेबाची, बी.कॉम. असल्यावर ती तर अर्धी उघडीच आहे. आणि चौथी माझी. आमच्या कंपन्यांना अशी माणसं लागतात, जी व्यापाऱ्याला सॉफ्टवेअर समजावून सांगतील आणि आम्हाला व्यापार. त्याला इंजिनिअरच असावं लागतं असं नाही. एक्सेल नीट यायला हवं, एखादी ईआरपी हाताळलेली हवी, आणि 'एवढं?' असं मनात आलं की विचारायची हिंमत हवी. या चारही वाटा त्या एका खुर्चीवरून दिसतात, पण खुर्चीतून उठावं लागतं. तिसऱ्या वर्षीही नुसतं टाइपच करत असाल, तर समजा की माझ्यासारखी कोणीतरी तुमच्या शेजारी बसून टिपणं काढायला निघालीच आहे.

पैशाचंही बोलले. चौदा हजारांत भिवंडीत राहणं आणि जेवण धरून साताठ हजार जाणार. उरलेल्यातून घरी पाठवायचं ठरवलं तर शिकायला काही उरणार नाही. मैत्रिणीला म्हटलं, पहिलं वर्ष तिच्याकडून काही घेऊ नकोस. ती म्हणाली, "तेवढं जमवू गो." माझ्या घरी तेव्हा ते जमलं नसतं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

आणि एक वाट परत इकडे येते. कोकण हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्यातले कितीजण एप्रिल-मेमध्ये पेट्या मुंबई-पुण्याला पाठवतात, हात वर करा. बघा. आणि ऑर्डरी कुठे लिहिता? कॅलेंडरच्या मागे! कच्ची पेटी की तयार, चार डझन की पाच, अक्षय्य तृतीयेच्या आधी की नंतर, पैसे आले की यायचे आहेत, हे सगळं तुमच्या डोक्यात. मग मे अखेरीला दोन गिऱ्हाइकं रागावतात आणि पुढच्या वर्षी फोन करत नाहीत. दोन वर्षं भिवंडीत शिकून आलेली एखादी मुलगी दहा बागायतदारांच्या ऑर्डरी मिळून सांभाळू शकेल. हंगाम दोन महिन्यांचा, त्यामुळे वर्षाचं पोट त्यावर भरणार नाही, हे मला माहीत आहे. पण सुरुवात होईल.

शेवटचं. मागच्या वर्षी मी माझ्या बायोडाटात ती दोन वर्षं परत घातली. 'ऑर्डर क्लार्क, औषध घाऊक विक्री, १९९९ ते २००१.' आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आज एक छोटी चौकट आहे. दुकानदाराने नेहमीपेक्षा फारच जास्त आकडा टाकला की ती विचारते: 'नेहमीपेक्षा जास्त आहे. बरोबर आहे ना?' ती चौकट कोणाची कल्पना, असं टीममधली मुलं विचारतात. मी त्यांना बिलिंगच्या काकांबद्दल आणि पस्तीस बाटल्यांबद्दल सांगते. आता लाज वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की त्या सहा जणांच्या खोलीत, त्या ताईंना हे सांगायला हवं होतं.

मैत्रिणीची मुलगी पंधरा दिवसांपूर्वी रुजू झाली. परवा तिचा फोन आला. "मावशी, एका गिऱ्हाइकाने नेहमीपेक्षा दहापट माल मागितलाय. सर म्हणाले, आलंय तसं टाक. मी तरी विचारून घेतलं. चुकलं का माझं?"

मी विचारलं, "काय म्हणालं गिऱ्हाईक?"

"म्हणालं, शून्य जास्त पडलं, थँक्यू."

बाई, श्रुतलेखन अजून चालू आहे.